मूठभर पाला

दिनकरभाऊजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसले होते. भाऊजी कामाच्या वेळेत फोन करणाऱ्यांतले नव्हेत. त्यांचं नाव दिसलं आणि मी हातातला घास परत डब्यात ठेवला. ‘अनुताई, शैलानं उलटी केली. डोकं धरून बसली होती, आता हाक मारली तर नुसती बघतीय,’ एवढंच ते बोलले. मागून त्यांच्या घरमालकीण हौसाबाईंचा आवाज आला, गाडी आली, उचला तिला... आणि फोन तसाच चालू राहिला. मी तो कानाला लावून उभी. गाडीचं दार लागल्याचा आवाज, कुणीतरी उशी मागितली, मग नुसता रस्ता. शेजारच्या टेबलावरची पोरं कसल्याशा सिनेमावरून खिदळत होती. गप्प बसा रे, असं ओरडावंसं वाटत होतं. या फोनची मी इतकी वर्षं धास्ती घेतली होती, मनातल्या मनात तो इतक्या वेळा उचलला होता, की खरा आला तेव्हा काय करायचं तेच सुचेना. मी डबा बंद केला, तो नीट पिशवीत ठेवला, आणि मग रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शैला गेली. मेंदूत रक्तस्राव. त्याला आता दीडेक महिना होत आला. गेलेल्या माणसांवरचे लेख मी पुरवण्यांमधून पुष्कळ वाचलेत. त्यात माणूस नेहमी धीराचं असतं, हसत हसत सगळ्याला सामोरं गेलेलं असतं. शैलाही धीराची होती, अगदी शेवटचे काही आठवडे सोडले तर. मला त्या आठवड्यांबद्दल लिहायचंय आणि हात कापतोय. माझा हात तसा कशानंही कापतो म्हणा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यामागं लहानपणापासून आहे.

मारुंजीला आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. मी परभणीकडची, नोकरीसाठी इकडे आलेली. ती सांगलीकडची, भाऊजींच्या नोकरीमुळं आलेली. मला लिफ्टची भीती, गॅसच्या नळीची भीती, समोरच्या रस्त्यावरून उलट्या बाजूनं येणाऱ्या टेम्पोंची भीती. शैला मला ‘भित्रट’ म्हणायची, तेही चारचौघांत. एकदा वीज गेली म्हणून तिच्याकडं जाऊन बसले. पंखे बंद, सगळं शांत. बारीक टिकटिक ऐकू येत होती. मी म्हटलं, घड्याळ कुठं लावलंयस गं, दिसत नाही. ती म्हणाली, ‘छातीत.’ मला वाटलं थट्टा करतीय. तिनं माझं डोकं धरून स्वतःच्या छातीशी नेलं आणि मी किंचाळलेच. लहानपणी सांधेतापात तिची हृदयाची झडप खराब झाली होती आणि लग्नानंतर पुण्यात धातूची बसवली होती. ती उघडमीट करताना आवाज करायची. त्या दिवसापासून मी तिच्याकडं गेले की आधी कान देऊन ऐकायची. तिला ते कळायचं. ‘चालू आहे बाई, ये आत,’ म्हणायची.

ही झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर घ्यावी लागते. हे शैलानंच मला समजावून सांगितलं, शेंगा सोलता सोलता. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गाठ धरते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा. फार पातळ झालं तर आतल्या आत रक्त वाहायला लागतं, कुठूनही. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर, आणि मधून ही रोज चालणार. मला ऐकतानाच घाम फुटला. तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, तुला काय होतंय, झडप माझ्यात आहे.

तर या गोळीचं आणि हिरव्या पाल्याचं वाकडं आहे. पालक, मेथी, माठ, असला पाला पोटात गेला की गोळीचा जोर कमी होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते इतकंच, की पालेभाजी खा नाहीतर खाऊ नका, पण जे कराल ते रोज सारखं करा, गोळी त्या हिशेबानं बसवता येते. चढउतार नको. भाऊजींच्या कानांत यातलं फक्त ‘खाऊ नका’ एवढंच शिरलं. माझ्याही. भ्यालेल्या माणसाला ऐकायला येतं ते असंच, अर्धं. त्यांच्या घरात पालेभाजी बंद झाली. पोह्यांवरची कोथिंबीर भाऊजी एकेक पान करून उचलून काढायचे. तिला नाही तर मलाही नाही म्हणून त्यांनी स्वतःचीही बंद केली. भाऊजी उंचेपुरे, कंपनीत चाळीस माणसांवर हुकूम चालवणारे, आणि मेथीची जुडी घेऊन मी जिन्यात दिसले तर बाजूला सरकायचे. शैला हसायची. पण ती पाल्यावर वाढलेल्या घरातली होती. तिच्या आईच्या परड्यात चुका आणि चाकवत असायचा, त्याची गरगटी भाजी आणि भाकरी... हे सांगताना तिचं तोंड बघवत नसे.

मग भाऊजींच्या कंपनीनं त्यांना उरवड्याच्या कारखान्यात पाठवलं आणि दोघं तिकडं राहायला गेली. हौसाबाईंच्या घराशेजारच्या दोन खोल्या. मागं ओढ्यापर्यंत हौसाबाईंचं रान, पावसाळ्यात भात, भात निघाल्यावर मोकळं. बोअरचं पाणी होतं. शैलानं पहिल्याच वर्षी त्यातली घरामागची पट्टी मागून घेतली. हौसाबाईंना वाटलं, शहरातली बाई चार दिवस हौस करील. भाऊजींना वाटलं, खुरपं लागेल, काटा लागेल, विंचू चावेल, साप चावेल. मलाही अगदी तेच, त्याच क्रमानं वाटलं. शेवटी भाऊजींनी एक तोड काढली, की जमिनीखालचं लावायचं, जमिनीवरचं नाही. मुळा, गाजर, बीट. हे ऐकून हौसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, ‘मुळ्याला वर काय शिंगं येत्यात व्हय?’ पण भाऊजींचा निर्णय झाला होता आणि शैलाला कसंही करून मातीत हात घालायचाच होता.

माघ सरताना ऊन तापायच्या आत त्यांची पहिली पेरणी झाली. मी रविवारची गेले होते. मातीत पाय कसा ठेवावा याचीही भीती वाटणारी मी, बांधावर वर्तमानपत्र टाकून बसले. शैला वाफे ओढत होती. बीटाचं बी भिजत घातलेलं होतं, गाजराचं बी राखेत कालवलं होतं, नाहीतर ते एकाच जागी पडतं म्हणे. वरंब्यावर बोटानं खड्डा करून मुळ्याचं एकेक बी ती टोकत गेली. वरून भाताचा पेंढा पसरला. भाऊजी मागं मागं फिरत होते, हातात रबरी हातमोजे. ती घालायची आणि ते वळले की काढून कमरेला खोचायची. त्या दिवशी परत जाताना मी तिला म्हटलं, कशाला हा उद्योग? ती म्हणाली, ‘अगं, पेरलं की निदान उगवेपर्यंत तरी थांबावं लागतं ना माणसाला.’ मला त्याचा अर्थ बसमध्ये बसल्यावर कळला, आणि कळल्यावर मारुंजी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

बी उगवलं ते दाट. बीटाच्या एकेका बियातून दोन-तीन कोंब येतात, मुळाही जवळजवळ आला, मग विरळणी करावी लागते. उपटलेली कोवळी रोपं म्हणजे पाला. शैलाच्या मांडीवर ढीग. हौसाबाई म्हणाल्या, याची भाजी मुळ्याहून गोड. भाऊजी कारखान्यातून जेवायला घरी आलेले, ते तसेच बूट घालून वाफ्यात आले आणि तो ढीग उचलून त्यांनी माझ्या पिशवीत भरला. दर रविवारी मग हे ठरूनच गेलं. खालचं तिला, वरचं मला. मी इकडं मारुंजीत मुळ्याच्या पाल्याला डाळ लावून खायची आणि फोनवर तिनं विचारलं की कशी झाली होती, तर म्हणायची, ठीक, जरा उग्रच होती. उग्र कसली, लोण्यासारखी लागायची.

त्याच उन्हाळ्यात तिला खुरपं लागलं. अंगठ्याच्या मुळाशी, फार खोल नव्हे. घरी मी, ती आणि हौसाबाई. तुम्हाआम्हाला लागलं तर चिंधी बांधून पुढच्या कामाला लागावं असं. पण ते रक्त थांबेचना. मी रुमाल दाबून धरला, तो भिजला. टॉवेल दाबला, त्यावर हळूहळू डाग मोठा होत गेला. हौसाबाई हळद घेऊन आल्या, मग दुसरा टॉवेल घेऊन आल्या, मग नुसत्या उभ्या राहिल्या. माझे दात वाजत होते, उन्हाळ्यात. शैला मात्र हात डोक्यापेक्षा वर धरून बसलेली, मला सांगतीय, दाब, सोडू नकोस, मिनिटामिनिटाला उचलून बघू नकोस, आणि कालच्या रानडुकराची गोष्ट सांगा बघू हौसाबाई, अनूला. हौसाबाईंनी थरथरत्या आवाजात रानडुकराची गोष्ट सांगितली. ती संपेपर्यंत रक्त थांबलं. माझी बोटं इतकी आखडली होती की ती तिनंच दुसऱ्या हातानं एकेक करून सोडवली. भाऊजींना कळलं तेव्हा त्यांनी खुरपं उचलून थेट ओढ्यात फेकून दिलं. दोन दिवसांनी हौसाबाईंनी दुसरं आणून दिलं.

मला वाटलं आता हे संपलं. पण शैला दुसऱ्याच आठवड्यात एकटी डॉक्टरांकडे गेली. त्यांना सरळ म्हणाली, मी रोज पालेभाजी खाणार, एक मूठ, माझ्या मुठीनं. कमी नाही, जास्त नाही. त्या हिशेबानं गोळी बसवा. डॉक्टर म्हणाले, जमेल, पण मग खाडा करायचा नाही. काही आठवडे सारखं पौडला जाऊन तपासायला रक्त द्यावं लागलं, गोळी थोडी वाढली, आणि रक्त किती पातळ त्याचा आकडा जागेवर बसला. बसला तो बसलाच. त्यानंतर दर महिन्याला तपासणी, आणि दर महिन्याला ठीक.

पुढच्या वर्षापासून तिची पेरणीच बदलली. लोक पालकाचा वाफा एकदम पेरतात आणि एकदम कापतात. ही एका वाफ्याचे बारीक तुकडे करून थोडं थोडं पेरत जायची, म्हणजे एक कापायला येईस्तोवर दुसरं वीतभर, तिसरं नुकतं दोन पानांवर. मेथी, पालक, चुका, शेपू, पाळीपाळीनं. मध्ये खंड पडता कामा नये. धणे पेरताना ते चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायचे हे तिनं मला शिकवलं. मेथीचं पीक उन्हानं लवकर फुलावर आलं तर ती पौडच्या बाजारातून जुडी आणायची, पण मूठ चुकू द्यायची नाही. एकादशीलासुद्धा. उपासाला मेथी खाते म्हणून हौसाबाईंनी तिच्याशी एक दिवस अबोला धरला होता. गावाला निघाली तर डब्यात शिजवलेली भाजी. आम्हाला ते पथ्य मोडणं वाटायचं. भाऊजी तर तिला जेवताना बघायचेच नाहीत, तिनं भाजीचा घास उचलला की स्वतःच्या ताटात बघायचे. रोज सकाळी मात्र तिला समोर उभं करून म्हणायचे, हस बघू. दोन्ही हात वर कर बघू. तोंड वाकडं होतंय का, हात खाली येतोय का, हे बघायचं. लकव्याची ही खूण त्यांनी कुठं तरी वाचली होती. ती हसायची, हात वर करायची, आणि वर केलेले हात त्यांच्या गळ्यात टाकायची. एकदा मी समोर होते तरी टाकले. भाऊजी लाजून लाल.

यंदाची पेरणी झाली तेव्हा मी बांधावर नव्हे, वाफ्यात होते. एवढी प्रगती झाली होती माझी. समोरच्या डोंगरावर कुणीतरी गवत पेटवलं होतं, धूर ओढ्यापर्यंत आलेला. मी दर दोन मिनिटांनी मान वर करून आग कुठपर्यंत आली ते बघत होते आणि शैला म्हणत होती, ‘बी बघ, बी. आग तिची ती येईल.’ गाजर, बीट, मुळा, आणि पालेभाजीचे तिचे ते बारीक तुकडे. फाल्गुनात सगळं तरारून आलं. हौसाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून दाखवत होत्या.

आणि मग ती नेहमीसारखी रक्त द्यायला पौडला गेली. तिथं तिला दर महिन्याला एक माणूस भेटायचा, टेम्पो चालवायचा, त्यालाही अशीच झडप. दोघांची चांगली गट्टी होती. कुणाची टिकटिक मोठी यावर त्यांची चेष्टा चालायची. त्या दिवशी त्याला त्याच्या बायकोनं आणि भावानं धरून आणलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबतोय, लाळ पुसायला खांद्यावर फडकं. काय झालं, कशानं झालं, कोण जाणे. त्याची बायको रडत एवढंच म्हणत होती, की खाण्यापिण्याचं काही ऐकायचे नाहीत. शैला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, नाव सांगितलं. त्यानं बघितलं आणि ओळख पटली नाही.

तिचा मला स्टँडवरूनच फोन आला. मी शैलाचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. बारीक, लहान मुलीसारखा. तीनतीनदा तेच सांगत होती, अनू, त्यानं मला ओळखलं नाही गं. माझ्याकडं बघत होता आणि ओळखत नव्हता. मरण्याचं मला काही वाटत नाही, पण असं... दिनकर समोर उभा आहे आणि मला कळत नाही हा कोण... मी काहीबाही बोलले. त्या दिवशीचा तिचा रिपोर्ट नेहमीसारखा ठीक होता. त्याच दिवसापासून तिनं पाला बंद केला. एकदम, एका फटक्यात.

आम्हाला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. भाऊजींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, ‘सुटलो, अनुताई. एकदाचं तिला पटलं.’ आवाजात इतका आनंद, की मीही म्हटलं, देव पावला. आमच्या दोघांच्या मनात पाला म्हणजे विष आणि पाला नाही म्हणजे औषध, इतकं सोपं गणित होतं. पण शैलाला तर माहीत होतं ना! रोज सारखं, चढउतार नको, खाडा नको. तिनं ते वर्षानुवर्षं पाळलं, त्याच्यासाठी देवाचा उपास मोडला, आम्हाला शंभरदा समजावलं. तीच विसरली. गोळी त्या मुठीच्या हिशेबानं बसवलेली आहे, मूठ गेली तर गोळी भारी पडेल, हे तिच्या डोक्यातून पुसूनच गेलं. भीतीनं माणसाचं असं होतं हे मला जन्मभर अनुभवून माहीत, पण शैलाचं होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

वाफे पाल्यानं भरलेले, आणि ती काठावर उभी राहून बघायची. आत पाय ठेवायची नाही. हौसाबाई कापायच्या आणि वाटायच्या, कारखान्याच्या मागं खोल्या करून राहणाऱ्या कामगारांच्या बायका ओटीत भरून न्यायच्या. मीही नेलं. हौसाबाईंना तेवढं खटकलं होतं. मला ओढ्याकडं नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, ‘पोरगी लई भ्यालीया. तोंड बगा तिचं. ह्ये बरं न्हाई.’ मी म्हटलं, उलट आता सांभाळून राहतीय, चांगलंच आहे. त्या भारा डोक्यावर घेऊन गेल्या.

शेवटची भेट त्याच्या पुढच्या रविवारी. शैला ओसरीवर बसली होती, बीट निवडत. तिच्या हातावर कोपराच्या खाली निळा डाग होता, चांगला तळहाताएवढा. म्हटलं, हे काय? म्हणाली, पाटी लागली असेल. पायावर एक होता, तो फावड्याच्या दांड्याचा. चूळ भरली तर पाण्यात लाल दिसलं, ब्रश नवीन आहे म्हणाली. बीट चिरून तिची बोटं लालच झालेली होती, त्यात आणखी लाल दिसलं तर कोण बघतंय. भाऊजींनी माझ्यासमोर तिला हसायला लावलं, हात वर करायला लावले. तोंड सरळ, दोन्ही हात सारखे वर. भाऊजींनी माझ्याकडं समाधानानं बघितलं. लकवा येईल म्हणून आम्ही सगळे पुढचं दार धरून उभे होतो, मागचं दार सताड उघडं.

भाऊजी बाहेर गेल्यावर तिनं बीट खाली ठेवलं. म्हणाली, ‘अनू, मला रात्रंदिवस भीती वाटते गं. मला याची सवय नाही. तुला आहे. तू कशी राहतेस, सांग ना.’

मला काय सांगता आलं असतं? की मी भीत होते तेव्हा तू होतीस, म्हणून राहत होते? मी तिचा हात हातात घेतला, तो निळा डाग दुखेल म्हणून हळूच, आणि म्हटलं, होईल गं सवय. टिकटिक ऐकू येत होती. शेवटची बस गाठायची म्हणून मी उठले.

इस्पितळात मी पोहोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. भाऊजी भिंतीला पाठ लावून उभे. नेहमीचे डॉक्टर बाहेर आले, त्यांनी विचारलं, गोळ्या चुकल्या, जास्त झाल्या, दुसरं काही औषध घेतलं, खाण्यात काही बदल? भाऊजी एकदम पुढं झाले. वर्गात उत्तर येणारा मुलगा बोलतो तशा घाईनं ते म्हणाले, ‘पालेभाजी बंद केली, डॉक्टर. पूर्ण बंद. एक पानसुद्धा खाल्लं नाही तिनं.’ आणि शाबासकीच्या अपेक्षेनं त्यांच्याकडं बघत राहिले. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग विचारलं, ‘कधीपासून?’

त्या एका शब्दानंतर भाऊजींच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला लिहिता येणार नाही. डॉक्टर भला माणूस. त्यांनी पुढं पुष्कळ समजावलं, की एवढ्यानंच झालं असं कुणालाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, रक्तदाब असतो, इतर कारणं असतात, पुढची तपासणी आठवड्यावर आली होती, तेव्हा कळलंच असतं. मी ऐकत होते. भाऊजी ऐकत नव्हते. ते खाली बसले आणि स्वतःचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघत राहिले.

परवाच्या रविवारी उरवड्याला गेले. दिवस झाल्यापासून पहिल्यांदाच. शैलाच्या वाफ्यांना हौसाबाई पाणी देतायत. मेथी फुलावर येऊन वाळली, पालकाला तुरे आलेत. बीट तेवढं जमिनीत तसंच आहे, कुणी उपटलेलं नाही. आणि मध्ये मध्ये तांदुळजा उगवलाय, न पेरता, आपला आपण येतो तसा. भाऊजी खूप वाळलेत. कामावर जातात, येतात, डबा आणून खातात. तिची जागा ओसरीवर होती त्या कोपऱ्यात ते बसत नाहीत, मीही बसले नाही. हौसाबाई आतून ताटं घेऊन आल्या. भाकरी, आणि तांदुळज्याची लसूण घालून परतलेली भाजी. म्हणाल्या, ‘तिच्याच वाफ्यातली हाय. खावा दोघं.’

भाऊजींनी त्या भाजीकडं बघितलं. किती वर्षांनी त्यांच्या ताटात हिरवं पान आलं होतं. छातीत काही नाही, रक्तात काही नाही, धडधाकट माणूस. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीवर नेला, आणि हात थांबला. माझ्याकडं वर बघून त्यांनी विचारलं, ‘खाऊ ना, अनुताई?’

मी म्हटलं, खा.

त्यांनी घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. मग डावा हात छातीवर ठेवून वाट बघत बसले. मीही माझ्या ताटाला हात न लावता त्यांच्याकडं बघत बसले.